पाच दिवसांचा ताप आणि साठ वर्षांचा शोध

लहान मुलाला ताप येणे ही घरोघरची नेहमीची गोष्ट आहे. दात येत असतील, हवा बदलली असेल, लग्नाच्या गर्दीत कुणाची सर्दी लागली असेल, असे म्हणत पहिले दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवले जाते, औषधाची बाटली घरी येते आणि बहुतेक वेळा ताप उतरतोही. परंतु क्वचित एखादे मूल असे असते की त्याचा ताप औषधाला दाद देत नाही. डोळे लाल होतात, ओठ फुटतात, अंगावर पुरळ उठते, मूल कमालीचे चिडचिडे होते. आजीला गोवर वाटतो, शेजारीण उष्णता झाली म्हणते, औषध बदलले जाते. दहा-बारा दिवसांनी ताप आपोआप जातो आणि घर सुटकेचा निःश्वास टाकते. याच दिवसांत त्या मुलाच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना कायमची इजा झालेली असू शकते, ही कल्पना कुणाच्या मनातही येत नाही.

या आजाराचे नाव कावासाकी रोग. लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना दाह होऊन सूज येणे हे त्याचे मूळ स्वरूप आहे. विकसित देशांत मुलांना जन्मानंतर जडणाऱ्या हृदयविकारांत याच रोगाचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. वेळेवर ओळखला तर त्यावर उत्तम उपचार आहे. मात्र तो कशामुळे होतो, या प्रश्नाचे निश्चित उत्तर साठ वर्षांहून अधिक काळ शोध घेऊनही वैद्यकशास्त्राला मिळालेले नाही. या शोधाची हकीकत उद्बोधक आहे आणि प्रत्येक आई-वडिलांनी ती जाणून घ्यावी अशी आहे; कारण तिच्यातून एक व्यवहारी धडा मिळतो.

टोकियोतील चार वर्षांचा मुलगा

जानेवारी १९६१ मध्ये टोकियोतील रेडक्रॉसच्या रुग्णालयात डॉ. तोमिसाकू कावासाकी या बालरोगतज्ज्ञांपुढे चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप, पुरळ, लाल डोळे, फुटलेले ओठ, लालभडक जीभ, मानेत गाठ आणि सुजलेले हातपाय अशी त्याची लक्षणे होती. ती कोणत्याही ज्ञात रोगात नीट बसत नव्हती. मुलगा बरा होऊन घरी गेला, निदान मात्र झाले नाही. पुढच्या वर्षी तशीच लक्षणे असलेले दुसरे मूल आले आणि कावासाकींच्या ध्यानात आले की ही वेगळीच व्याधी आहे. त्यांनी धीराने नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. सहा वर्षांत पन्नास मुलांच्या नोंदी जमल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी त्या जपानी भाषेतील एका वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध केल्या.

सुरुवातीला अनेक सहकाऱ्यांनी हा नवा रोग असल्याचे मान्य केले नाही. तो आपोआप बरा होतो आणि मागे काही ठेवत नाही, अशीही समजूत होती. १९७० मध्ये जपानभर पाहणी झाली तेव्हा चित्र पालटले. या आजारातून उठलेली काही बालके अचानक दगावली होती, आणि शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत फुगे आणि रक्ताच्या गुठळ्या आढळल्या. १९७४ मध्ये कावासाकींचा लेख इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास हवाई बेटांवर डॉ. मेरियन मेलिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, जपानमधील कामाची माहिती नसताना, अशीच मुले आढळली होती. रोग एका देशापुरता नाही हे त्यातून स्पष्ट झाले.

तो अगदी नवा तरी आहे का, हाही प्रश्न आहे. १८७१ मध्ये लंडनमधील डॉ. सॅम्युएल गी यांनी सात वर्षांच्या एका मृत मुलाच्या हृदयधमन्यांत असेच फुगे आढळल्याची नोंद केली होती. तो मुलगा याच रोगाचा बळी असावा, असे आज अनेक अभ्यासक मानतात. अँटिबायोटिक औषधांच्या आधीच्या काळात गोवर, लोहितांग ज्वर अशा तापांच्या गर्दीत असे रुग्ण हरवून गेले असावेत.

रक्तवाहिन्यांत काय घडते

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा ही घरच्या पहारेकऱ्यासारखी असते. बाहेरून कुणी शिरले की ती धावून जाते आणि काम संपल्यावर शांत होते. कावासाकी रोगात ती कशामुळे तरी खवळते आणि आपल्याच मध्यम आकाराच्या धमन्यांच्या भिंतींवर तुटून पडते. यात सर्वाधिक झळ बसते ती हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना. भिंतीतील लवचीक थर तुटतात, रक्ताच्या दाबाने कमकुवत भिंत फुगते आणि सायकलच्या ट्यूबला फुगवटा यावा तसा तिथे फुगा तयार होतो. फुग्यात रक्ताचा प्रवाह मंदावतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रक्तातील गोठणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, पुष्कळ वाढतात. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की गुठळी होण्याचा धोका असतो, आणि गुठळीने वाट बंद झाली तर लहान मुलालाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

उपचार न झालेल्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांच्या हृदयधमन्यांना अशी इजा होते. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत योग्य उपचार झाला तर हे प्रमाण शेकडा चार-पाचपर्यंत खाली येते. या दोन आकड्यांमधील अंतर हेच या रोगाविषयीच्या जागरूकतेचे मोल आहे.

संसर्गाकडे बोट दाखवणारे पुरावे

ही यंत्रणा खवळते कशाने? बहुतेक अभ्यासकांचा कल कोणत्या तरी संसर्गाकडे आहे आणि त्याला सबळ कारणे आहेत. पहिले कारण वयाचे. सुमारे ऐंशी टक्के रुग्ण पाच वर्षांखालील असतात. तीन महिन्यांच्या आतील बालकांत रोग विरळा, आणि मोठ्या माणसांत तर फारच विरळा. यावरून असा तर्क होतो की रोगाला चालना देणारी गोष्ट सर्वत्र आहे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे तान्ह्या बाळाचे काही काळ रक्षण करतात. आणि मोठ्या माणसांनी ती गोष्ट लहानपणीच, काही त्रास न होता, पचवलेली असते.

दुसरे कारण साथींचे. जपानमध्ये १९७९, १९८२ आणि १९८६ या वर्षी रुग्णांची संख्या एकाएकी वाढली आणि लाट एका भागातून दुसऱ्या भागात सरकत गेलेली दिसली. तिसरे कारण भावंडांचे. जपानी पाहणीत असे आढळले की एका मुलाला रोग झाला तर त्याच्या भावंडाला वर्षभरात तो होण्याची शक्यता इतर मुलांच्या दहापट असते, आणि भावंडांतील अशा दुसऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या रुग्णानंतर दहा दिवसांतच आजारी पडतात. एकाच छपराखालची मुले एकाच वेळी कशाच्या तरी संपर्कात आली असावीत, असे यावरून वाटते. चौथे कारण असे की एकदा झालेला रोग सहसा पुन्हा होत नाही. जपानमध्ये शंभरांत तीनच मुलांना तो दुसऱ्यांदा होतो.

शिकागोच्या डॉ. अ‍ॅन राउली यांनी दगावलेल्या मुलांच्या ऊतींची बारकाईने तपासणी केली. श्वासमार्गाचे रक्षण करणाऱ्या विशिष्ट प्रतिपिंडांच्या पेशी त्यांना धमन्यांच्या भिंतींत आणि श्वसनमार्गात आढळल्या. रोगाचे बीज श्वासावाटे आत येत असावे, या तर्काला त्यामुळे बळ मिळाले.

परंतु विरुद्ध बाजूही तितकीच ठळक आहे. अँटिबायोटिक औषधांनी हा रोग बरा होत नाही. एका मुलाकडून दुसऱ्या मुलाला तो लागत असल्याचे दिसत नाही. रुग्णालयातील शेजारच्या खाटेवरचे मूल त्यामुळे आजारी पडत नाही. आणि आजवर कोणताही एक जंतू सर्व रुग्णांत सातत्याने सापडलेला नाही.

संशयितांची लांबलचक यादी

या साठ वर्षांत संशयितांची यादी वाढतच गेली. १९८२ च्या सुमारास अमेरिकेत काही रुग्णांच्या घरी आजारापूर्वी काही दिवस गालिचे शांपूने धुतल्याचे आढळले. गालिच्यातील धूळ, तीतील सूक्ष्म किडे आणि साफसफाईचे रसायन यांवर संशय गेला. पुढे इतर ठिकाणच्या पाहण्यांत हा संबंध सातत्याने दिसला नाही आणि तो मागे पडला. कुणी घराजवळच्या साचलेल्या पाण्याकडे बोट दाखवले, कुणी पाऱ्याकडे. हेही संशय सिद्ध झाले नाहीत.

१९९३ मध्ये काही जिवाणूंच्या विषाचे नाव पुढे आले. रोगप्रतिकारक पेशींना एकाच वेळी मोठ्या संख्येने चिथावणारे हे विष असल्याने तर्क आकर्षक होता, परंतु पुढच्या मोठ्या अभ्यासात त्याची खात्री पटली नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे अकरा रुग्णांपैकी आठ मुलांत करोना कुळातील एका विषाणूचे अंश आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या बावीस मुलांत ते एकाच मुलात होते. मोठी आशा निर्माण झाली. परंतु इतर देशांतील संशोधकांनी तपासले तेव्हा त्यांना तसे काही आढळले नाही.

प्रत्येक वेळी असेच घडत गेले. एका गावी जुळलेला हिशेब दुसऱ्या गावी जुळेना. विज्ञानाच्या व्यवहारात एकाच्या वहीतील नोंदीवर भागत नाही. ती दुसऱ्याच्या वहीतही उतरावी लागते.

वाऱ्यावरचा संशय

सर्वांत विलक्षण तर्क वाऱ्याचा आहे. बार्सिलोनाचे हवामानशास्त्रज्ञ झेवियर रोडो आणि सॅन दिएगोच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. जेन बर्न्स यांच्या गटाने अनेक वर्षांची रुग्णसंख्या आणि वाऱ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. २०११ मध्ये त्यांनी दाखवले की मध्य आशियाकडून उंचावरून वाहणारे वारे जपानकडे वळतात तेव्हा तेथे रुग्ण वाढतात, आणि तेच वारे प्रशांत महासागर ओलांडतात तेव्हा हवाई व सॅन दिएगो येथेही वाढ दिसते. २०१४ मध्ये त्यांनी आणखी पुढे जाऊन ईशान्य चीनमधील विस्तीर्ण शेतीप्रदेशाकडे उगमस्थान म्हणून बोट दाखवले. विमानातून दोन-तीन किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने घेतले तेव्हा त्यांत आढळलेल्या बुरशींमध्ये कँडिडा या जातीचा वाटा मोठा होता. विशेष म्हणजे, याच कुळातील बुरशीचा अर्क टोचला असता उंदरांच्या हृदयधमन्यांना दाह होतो, हे जपानी संशोधकांनी पूर्वीच प्रयोगशाळेत दाखवले होते.

तरीही हा तर्कच आहे. वारा आणि रुग्णसंख्या एकाच वेळी वाढली म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. ऋतू बदलला की सर्दीचे विषाणू बदलतात, मुलांचे घराबाहेर पडणे बदलते, हवेतील ओलावाही बदलतो. यांपैकी नेमके कशाने रोग वाढला, हे केवळ आकडे पाहून सांगता येत नाही.

जनुकांचा वाटा

चालना देणारी गोष्ट कोणतीही असो, ती सर्व मुलांवर सारखा परिणाम करत नाही. जपानमध्ये २०१९ मध्ये पाच वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे सुमारे ३७० मुलांना हा रोग झाला. अमेरिकेत हे प्रमाण वीस-पंचवीसच्या आसपास असते. हा फरक हवापाण्याचा की रक्ताचा? याचे उत्तर हवाई बेटांनी दिले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जपानी वंशाच्या मुलांत प्रमाण लाखामागे सुमारे २१०, तर त्याच बेटांवरील गोऱ्या मुलांत सुमारे १४ आढळले. तीच हवा, त्याच शाळा, तरीही पंधरापट फरक. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी रोगप्रतिकारक पेशींच्या उत्तेजनाला लगाम घालणाऱ्या एका जनुकातील बदलाचा या रोगाशी संबंध दाखवला. त्यानंतर आणखी काही जनुके पुढे आली.

आज अनेक अभ्यासकांचे मत असे बनत आहे की कावासाकी रोगाला कदाचित एकच कारण नसेल. निरनिराळे विषाणू किंवा हवेतील कण चालना देत असतील, आणि ज्या मुलांची जनुकीय ठेवण विशिष्ट प्रकारची आहे त्यांच्याच शरीरात ती ठिणगी वणव्यासारखी पसरत असेल.

मुलांच्या रक्तवाहिनीदाहाचा आणखी एक प्रकार डॉक्टरांच्या नेहमी पाहण्यात येतो. त्याला हेनॉख-शोनलाइन पर्प्युरा म्हणतात. त्यात पायांवर व ढुंगणावर जांभळट ठिपके उठतात, सांधे आणि पोट दुखते. घशाचा किंवा सर्दीचा संसर्ग होऊन गेल्यावर काही दिवसांनी तो उद्‌भवल्याचे बहुधा आढळते. साधा संसर्ग काही मुलांत रक्तवाहिन्यांचा दाह कसा पेटवतो, याचे ते परिचित उदाहरण आहे. हा प्रकार बहुतेक मुलांत आपोआप बरा होतो. मात्र मूत्रपिंडाला इजा होत नाही ना, हे पाहण्यासाठी काही महिने लघवी तपासावी लागते.

महामारीने दिलेली साक्ष

२०२० मध्ये करोनाच्या महामारीने या शोधाला अनपेक्षित वळण दिले. इटलीतील बेर्गामो या होरपळून निघालेल्या जिल्ह्यात डॉक्टरांना दोन महिन्यांत कावासाकीसारखी लक्षणे असलेली दहा मुले आढळली. त्याआधीच्या पाच वर्षांत मिळून तेथे एकोणीस रुग्ण झाले होते. लवकरच युरोप-अमेरिकेत आणि पुढे मुंबईसह भारतातील अनेक शहरांतही अशी मुले दिसू लागली. करोनाचा संसर्ग होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी हा ताप येत असे. पुढे या आजाराला वेगळे नाव मिळाले. यातील मुले वयाने मोठी होती, पोटाच्या तक्रारी अधिक होत्या आणि हृदयाचे स्नायू अधिक बाधित होत. म्हणजे हा कावासाकी रोग नव्हे, त्याचा जवळचा नातलग. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. श्वासावाटे शिरलेला विषाणू निघून गेल्यानंतरही काही मुलांच्या शरीरात असा दाह पेटवू शकतो.

दुसरी साक्ष त्याहून बोलकी आहे. शाळा बंद झाल्या, मुखपट्ट्या आल्या, मुले घरात राहिली, आणि खुद्द कावासाकी रोगाचे रुग्ण घटले. जपानमध्ये २०१९ मध्ये १७,३४७ रुग्ण होते. २०२० मध्ये ते ११,१७३ झाले. एका वर्षात एक तृतीयांशाहून अधिक घट. दक्षिण कोरियातही मोठी घट नोंदली गेली. वारे तर नेहमीसारखे वाहतच होते. थांबला होता तो माणसांचा परस्परसंपर्क. त्यामुळे माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या श्वसनमार्गाच्या संसर्गांवरील संशय अधिक गडद झाला. ज्यांच्या नावाने हा रोग ओळखला जातो ते डॉ. कावासाकी त्याच वर्षी जून महिन्यात, वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले. आपल्या रोगाचे कारण कळलेले पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

भारतातील चित्र

हा रोग भारतात नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. चंदीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी वर्षानुवर्षे चिकाटीने ठेवलेल्या नोंदींनी ती दूर केली. त्या शहरात १९९४ मध्ये पंधरा वर्षांखालील लाख मुलांमागे ०.५१ असलेले प्रमाण २००७ मध्ये ४.५४ वर गेले. रोग वाढला की तो ओळखण्याची दृष्टी वाढली? दोन्ही असावे, आणि दुसऱ्याचा वाटा मोठा असावा. तेथे ऑक्टोबर महिन्यात रुग्ण अधिक आणि फेब्रुवारीत कमी आढळले. जपानचा हंगाम याहून वेगळा आहे.

जपानसारखी देशव्यापी नोंद आपल्याकडे नाही. मोठ्या शहरांत निदान होते. तालुक्याच्या गावी हीच मुले ‘गोवर’, ‘औषधाची ॲलर्जी’ किंवा ‘न उतरणारा ताप’ म्हणून बरी होऊन घरी जातात. त्यांच्यापैकी कुणाच्या हृदयधमनीत फुगा राहून गेला, हे कुणालाच कळत नाही.

घरच्यांच्या मनातील प्रश्न

निदान झाले की घरात पहिला प्रश्न उठतो, ‘हे कशाने झाले?’ एकत्र कुटुंबात त्या प्रश्नाची उत्तरेही लगेच मिळू लागतात. सुनेने बाहेरचे खाऊ घातले, दिवाळीच्या रंगकामाचा वास लागला, लग्नाच्या प्रवासात पाणी बदलले, नुकतीच लस टोचली होती. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईच्या मनावर या प्रत्येक वाक्याचा भार पडतो.

आज जे ज्ञात आहे त्यानुसार यांपैकी एकाही गोष्टीचा दोष सिद्ध झालेला नाही. कोणत्याही विशिष्ट अन्नाने हा रोग होतो असे दिसलेले नाही. लस टोचल्यामुळे धोका वाढतो का, हे अमेरिकेत मोठ्या संख्येने मुलांच्या नोंदी तपासून पाहिले गेले. धोका वाढल्याचे आढळले नाही. घराच्या स्वच्छतेत कसूर झाली म्हणून तो झाला, असेही म्हणता येत नाही. जे कोडे जगातील नामवंत संशोधकांना उलगडलेले नाही, त्याचा ठपका घरातील एखाद्या व्यक्तीवर ठेवणे अन्यायाचे आहे. कारण शोधण्यात गेलेला वेळ उपचाराच्या वेळेतून वजा होतो, हे त्याहून महत्त्वाचे.

दिवसांचा हिशेब

घरच्यांच्या हाती जे आहे ते एवढेच, आणि ते पुष्कळ आहे: तापाचे दिवस मोजणे. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, रोज किती चढला, डोळे कधी लाल झाले, पुरळ कधी उठले आणि कधी मावळले, याची नोंद ठेवावी. ही लक्षणे एकाच वेळी दिसतील असे नाही. एक येते, जाते, मग दुसरे येते. डॉक्टरांपुढे मूल नेले त्या क्षणी पुरळ नसेलही. अशा वेळी घरची नोंद निदानाला मोलाची मदत करते. मोबाइलवर काढलेले छायाचित्रही उपयोगी पडते.

पाच दिवस ताप आणि पुढील पाचांपैकी चार लक्षणे, असा निदानाचा प्रचलित निकष आहे. दोन्ही डोळे लाल, पण चिकट स्राव नाही. ओठ लाल व फुटलेले, जीभ लाल व दाणेदार. अंगावर पुरळ. हातापायांचे तळवे लाल व सुजलेले. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची साल निघते. मानेत दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ. याखेरीज, बीसीजीची लस टोचलेल्या जागी वण लाल होणे ही आपल्या देशातील बाळांत उपयोगी पडणारी खूण आहे. एक वर्षाखालील बाळांत मात्र पुष्कळदा दोन-तीनच लक्षणे दिसतात आणि हृदयाला धोका त्यांनाच अधिक असतो. म्हणून तान्ह्या बाळाचा ताप कारण न सापडता पाच दिवसांपुढे गेला, तर ‘कावासाकी तर नाही ना?’ असे डॉक्टरांना स्पष्ट विचारण्यास संकोच करू नये. रक्ताच्या तपासण्या आणि हृदयाची इको तपासणी यांवरून पुढील निर्णय होतो. आपल्या गावी लहान मुलांची इको करणारे तज्ज्ञ नसतील तर मोठ्या शहरी नेण्यास विलंब करू नये.

उपचारही जपानमध्येच सापडला. १९८४ मध्ये डॉ. फुरुशो यांनी निरोगी माणसांच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, शिरेवाटे दिल्यास हृदयधमन्यांची इजा टळते असे दाखवले. १९८६ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेन न्यूबर्गर यांच्या गटाने त्याची पुष्टी केली. आज मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम या प्रमाणात ते एकदाच, सलग काही तास दिले जाते. दहा किलो वजनाच्या मुलाला वीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चार बाटल्या लागतात. औषध महाग आहे. हजारो दात्यांच्या रक्तद्रवापासून ते तयार होत असल्याने ते कारखान्यात हवे तेवढे बनवताही येत नाही. समाजात ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे भरतात. दिलेल्या रक्ताचा द्रवभाग अशा औषधांसाठीही उपयोगी पडू शकतो, हे दात्यांना ठाऊक असावे. आणि पैशांअभावी एखाद्या कुटुंबाचे दहा दिवस हातचे जात असतील, तर समाजाच्या वैद्यकीय साहाय्य निधीचा याहून चांगला विनियोग क्वचितच असेल.

शंभरांत दहा ते वीस मुलांना पहिल्या मात्रेने गुण येत नाही. त्यांच्यासाठी दुसरी मात्रा, स्टेरॉइड किंवा अन्य औषधे असतात. सोबत ॲस्पिरिन दिले जाते, आणि ते अल्प मात्रेत सहा ते आठ आठवडे चालू राहते. या काळात मुलाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्या, अथवा त्यांच्या रुग्णाशी संपर्क आला, तर डॉक्टरांना तत्काळ कळवावे, कारण ॲस्पिरिनमुळे क्वचित गंभीर गुंतागुंत होऊ शकते. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस साधारण अकरा महिने पुढे ढकलतात. इतर लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात. दोन आठवड्यांनी आणि सहा-आठ आठवड्यांनी इको पुन्हा करावी लागते. ती निर्दोष निघाली तर मूल इतरांसारखे खेळू-बागडू शकते. धमनीत फुगा राहिला असेल तर मात्र वर्षानुवर्षे तपासणी आवश्यक असते.

रुग्णालयातील सर्व कागद आणि इकोचे अहवाल जपून ठेवावेत. दुकानाच्या वह्या घरात वर्षानुवर्षे सांभाळल्या जातात. या कागदांची गरज त्याहून दीर्घकाळची आहे. पंचविशीत छातीत दुखले तर त्या तरुणाला लहानपणी हा रोग झाला होता, ही माहिती डॉक्टरांच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकते.

कारणाचा शोध टोकियो, सॅन दिएगो, शिकागो, चंदीगड येथे चालू आहे आणि एक दिवस तो पूर्ण होईल. तोवर थांबण्याची गरज मुलांना नाही. उपचार तयार आहे आणि त्याची मुदतही ठरलेली आहे. घरातील लहानग्याचा ताप चौथ्या दिवशीही उतरला नाही, तर दिनदर्शिकेवर पहिल्या दिवसाभोवती खूण करावी आणि पाचवा दिवस उजाडण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जावे.